फॅमिली वर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचा विद्यार्थी’. हिंजवडीत मी आठवड्याचे पाच दिवस हेच ऐकते, शनिवारी-रविवारी तरी सुटका हवी. म्हणून त्यांना म्हटलं, मला आपल्या गावातल्या हॉटेलवर बोलू द्या. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “बोला, पण नाव घेऊ नका. आपल्याला इथंच राहायचंय.” नाव घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

हॉटेल म्हणजे आपल्या अर्थाने हॉटेल. चहा, भजी, मटकीची मिसळ, बाजाराच्या दिवशी मासवडी-भाकरी. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना हॉटेल म्हटलं की राहायची खोली डोळ्यांसमोर येते. आपल्याला काउंटरमागची बरणी आणि वर शेठच्या वडिलांचा हार घातलेला फोटो दिसतो.

या हॉटेलात मी शाळेत असताना एकदाही गेले नाही. मुलं जायची. तिसरा तास बुडवून कोण कोण जायचं हे सरांना तेव्हाच माहीत होतं, आज कबुली द्यायची गरज नाही. आम्ही मुली समोरून जाताना फक्त वास घ्यायचो. मी पहिल्यांदा आत गेले ती गेल्या वर्षी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आईला घेऊन. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलं होतं. ती बहात्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले. खालची अर्धी टेबलं रिकामी होती. आम्ही दारातल्या टेबलाशी बसलो तोच गल्ल्यावरून आवाज आला, “फॅमिली वर!”

मी म्हटलं, आईला जिना जमणार नाही, आम्ही इथंच बसतो. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, “खाली लेडीज बसत नाहीत, काकू. मालकांची ऑर्डर आहे.” उर्मटपणा नव्हता, पावसाची बातमी सांगावी तसं सांगितलं. तेवढ्यात वेटरने आमच्या समोरचे पाण्याचे ग्लास उचलून नेलेसुद्धा. जिना लोखंडी, बावीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. आईने जिन्याकडे पाहिलं आणि उठली. बाहेर आल्यावर एसटी स्टँडच्या बाकावर बसून आम्ही टपरीवरचा चहा प्यायलो.

मी चिडलेली होते. आई नव्हती. ती म्हणाली, “मी तुझ्या वडलांबरोबर तीस वर्षं बाजाराला आले. ते आत चहा प्यायचे, मी पिशव्या धरून इथं बसायची. मला वाटलं आता बदललं असेल.” एवढंच बोलली आणि वडापाव कुठे मिळेल ते विचारू लागली.

आमच्या धंद्यात कुणी “प्रोग्रॅम चुकतो” असं सांगितलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, दर वेळी चुकतो की काही जणांच्याच बाबतीत चुकतो? सगळ्यांच्याच बाबतीत चुकत असेल तर काम सोपं. काही जणांच्याच बाबतीत चुकत असेल तर एकेक गोष्ट बदलून पाहावी लागते. मी तेच केलं. पुढच्या सहा महिन्यांत गावी येईन तेव्हा त्या हॉटेलात जायचं ठरवलं. नवरा म्हणाला, “तुझी सुट्टी आहे की टेस्टिंग?” पण आला बिचारा.

नवरा एकटा गेला. खाली बसला. मिसळ सत्तर रुपये, दोनदा रस्सा मागितला, दोनदा आला, वर न मागता तर्रीही. आम्ही दोघं गेलो तेव्हा “साहेब, फॅमिली वर.” वर मिसळ पंच्याऐंशी. मी रेटकार्ड उलटसुलट करून पाहिलं. कार्डं दोन होती, खालचं पांढरं, वरचं पिवळं, आणि पिवळ्यावर प्रत्येक ओळीत पाच ते पंधरा रुपये जास्त. बायका बरोबर असल्या की चहासुद्धा पाच रुपयांनी महाग. वर नऊ टेबलांना एकच मुलगा, तोही खालून ट्रे घेऊन बावीस पायऱ्या चढणारा. पाव आले तेव्हा मिसळ गार झाली होती. जादा रस्सा सांगितला तो बिल देऊन उठेपर्यंत आला नाही. बेसिनला पाणी नव्हतं.

मी एकटी गेले, तेव्हाही वर. त्या दिवशी वर मी एकटीच गिऱ्हाईक होते. पंखा बंद, आणि तो मुलगा मी आहे हे विसरून खालीच राहिला. पंचवीस मिनिटांनी मी जिन्यात येऊन हाक मारली.

चौथी वेळ महत्त्वाची. रविवार होता, शिवनेरी उतरून आलेला पुण्याचा एक ग्रुप आत शिरला. सहा मुली, तीन मुलगे, ट्रॅकपँट, पाठीवर सॅक. सगळे खाली बसले. दोन टेबलं जोडून दिली गेली. कुणी “फॅमिली वर” म्हणालं नाही, पोरींनी मोठ्याने हसत तीन-तीनदा रस्सा मागितला आणि तो आला. मी रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये उभी राहून हे सगळं पाहत होते. मेडिकलवाल्याला माझ्या मनःस्थितीबद्दल शंका आली असावी.

म्हणजे नियम बायकांसाठी नव्हता, आपल्या बायकांसाठी होता. नाणेघाटाला, लेण्याद्रीला आलेली पाहुणी खाली बसते. आपटाळ्याची, सोमतवाडीची, डिंभ्याची, घोडेगावची बाई लुगड्यात किंवा पंजाबी ड्रेसमध्ये आली की वर. पाहुणी फोनवर तारे देते, आपली देत नाही. त्या हॉटेलची ऑनलाइन शेरेबुकं मी वाचली. बहुतेक सगळी शनिवार-रविवारी लिहिलेली. ‘ऑथेंटिक गावरान चव’, ‘फ्रेंडली स्टाफ’. खोटं कुणीच लिहिलेलं नाही. ज्यांच्याशी वाईट वागलं जातं ते लिहीत नाहीत, एवढंच. तारे मोजणारी यंत्रणा मी स्वतः पोटापाण्यासाठी बनवते, त्यामुळे तिच्यात कोण दिसत नाही हे मला जरा लवकर दिसतं.

आणखी एक गोष्ट त्या मेडिकलच्या पायरीवरूनच दिसली. हिरड्याचं गाठोडं घेऊन पश्चिम पट्ट्यातून आलेला एक म्हातारा बाहेरच्या बाकड्यावर बसला. आत जागा होती. त्याला कुणी अडवलं नाही, पण आत या असंही कुणी म्हणालं नाही, आणि तो स्वतःहून गेला नाही. त्याच्याकडून पैसे आधी घेतले, चहा नंतर. माझ्या नवऱ्याकडून कधी आधी घेतले नव्हते. आपल्या वर्गात घाटघर, आंबोली, इंगळूनची जी मुलं वसतिगृहात राहून शिकली, त्यातला एकजण आज इथं बसलाय. त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो फक्त म्हणाला, “तुला आत्ता दिसलं होय?”

मुळात हे चूक की बरोबर, यावर आपल्या ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. आपल्या वकील मित्राने पहिल्याच रात्री राज्यघटनेचं कलम १५(३) टाकलं, स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतूद करता येते. करता येते, पण तो अधिकार शासनाला आहे, गल्ल्याला नाही. आणि त्याच कलमाचा त्याच्या आधीचा भाग, १५(२), वाचून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं इथल्या प्रवेशात आडकाठी करता येणार नाही. ‘उपाहारगृह’ हा शब्द घटनेत आहे. नागरिकशास्त्राच्या पेपरला मी मूलभूत हक्क पाठ केले होते, सगळे मार्कही पडले, पण त्यात मिसळ बसते हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. १९४८ साली घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी तो शब्द सगळ्यात व्यापक अर्थाने घ्यायला सांगितला: जो कोणी सेवा मागायला येईल त्याला ती द्यायला मालक तयार आहे अशी जागा. एका वाक्यात इतकी नेटकी व्याख्या आमच्या डिझाइनच्या कागदांत मला क्वचित सापडते.

फॅमिली रूमला माझा विरोध नाही, हे इथं स्पष्ट करते, कारण काही मैत्रिणी मघाशी माझ्याकडे रोखून बघत होत्या. माझी मुलगी तान्ही असताना अशा खोल्यांनी मला वाचवलंय. ज्या बाईला पडद्याआड निवांत बसायचंय तिला ती सोय हवीच. सोय हवी असेल तेव्हा घ्यायची असते. इथं ती सक्तीची होती, वर पंधरा रुपये जास्त आणि रस्सा कमी.

हे आत्ताच एवढं का टोचायला लागलं, त्याचंही कारण आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याच्या आधी, ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरच्या पुढच्यांना मोफत. आपल्या दोन्ही तालुक्यांत स्टँडवर जाऊन उभं राहा, गाड्यांतून उतरणाऱ्यांत किती बायका असतात ते बघा. दवाखाना, बँक, मुलीच्या कॉलेजचं काम, कधी नुसता बाजार, आणि पुष्कळदा एकट्या. तालुक्याच्या गावात चार-पाच तास काढायचे म्हणजे बसायला जागा, खायला काही, आणि स्वच्छ संडास लागतो. हॉटेलांच्या इमारती मात्र अजून पुरुष एकटा येतो आणि बाई त्याच्याबरोबर येते, या हिशेबाने बांधलेल्या आहेत.

मग एका दुपारी साडेतीनला, गर्दी नसताना, मी मालकांना भेटले. ते आपल्याच शाळेचे, आपल्याला तीन वर्षं पुढे. आज हे बोलणार असल्याचं त्यांना सांगूनच बोलतेय. त्यांनी मला बसवलं, अर्थात खालीच, गल्ल्याशेजारी, आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. वडिलांच्या काळात बाजाराच्या दिवशी पिऊन आलेली माणसं असत, शिव्या चालत. काही घरच्या बायकांनीच सांगितलं म्हणून कोपऱ्यात लाकडी पार्टिशन टाकून ‘फॅमिली’ केलं. ते त्या काळात बरोबरच होतं. २०११ मध्ये कर्ज काढून वरचा मजला चढवला. वर कुणी आपणहून जाईना. “ताई, पुरुष मिसळ खायला जिना चढत नाही. मजला रिकामा ठेवला तर हप्ता कोण भरणार?” तेव्हापासून फॅमिली वर. म्हणजे बायकांची अब्रू वगैरे सगळं नंतर. आधी बँकेचा हप्ता. मला हे ऐकून खरं सांगायचं तर बरं वाटलं. हिशेबाला हिशेबाने उत्तर देता येतं.

बोलताना मागच्या बाजूने भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मुदपाकखान्यात तीन बाया होत्या, त्यांच्या वहिनी आणि दोन कामाच्या. मी म्हटलं, “खाली लेडीज बसत नाहीत, मग या कोण?” ते म्हणाले, “त्या बसत कुठे आहेत, उभ्या आहेत.” विनोद म्हणून म्हणाले. आतल्या बाया हसल्या नाहीत.

वर वाढणारा मुलगा ओडिशाचा. सकाळी सहाला उठतो, रात्री अकराला झोपतो, त्याच वरच्या मजल्यावर टेबलं सरकवून. मराठी जेमतेम. त्याला गिऱ्हाईक “ए बारक्या” म्हणतं, बायकासुद्धा. मी पंचवीस मिनिटं ताटकळले तेव्हा रागावले होते त्याच्यावर, पण तो दोन मजल्यांचं काम एका पगारात करत होता. पूर्वी याच जागी आपल्या वयाची पोरं असायची. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे-हॉटेलांत चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवायला बंदी आली. आपल्या वर्गातला एकजण पहाटे हॉटेलात कपबश्या विसळून मग शाळेत यायचा. परवा त्याला विचारलं, सगळ्यात वाईट गिऱ्हाईक कोणतं? तो म्हणाला, “जे हाक मारताना चुटकी वाजवतं.”

आता एक गोष्ट मला कायम कोड्यात टाकते. मुंबईचे डबेवाले मुख्यतः आपल्याच मुलखातले. मावळ, मुळशी, खेड, अकोले, आणि आपले जुन्नर, आंबेगाव. या सभागृहात डबेवाल्याच्या घरातली निदान पाच-सहा जणं तरी असतील. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरुवात केलेली ही व्यवस्था. २००३ मध्ये ब्रिटनचे राजपुत्र चार्ल्स येऊन त्यांना भेटून गेले, व्यवस्थापनाच्या शाळांत त्यांच्यावर धडे शिकवतात. माझ्या कंपनीतही दर दोन वर्षांनी कुणीतरी सल्लागार येतो आणि डबेवाल्यांची स्लाइड लावतो. सोळा दशलक्षांत एक चूक, वगैरे. मला त्या आकड्यात रस नाही, मला मांडणीत आहे. डब्याच्या झाकणावर खूण: कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. गटाची कमाई एकत्र, वाटणी सारखी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज त्याच दारात जायचं. डबा उशिरा गेला तर उद्या त्याच बाईच्या तोंडाला तोंड द्यायचं. तिथं स्वयंपाक करणारी, डबा सोपवणारी, पैसे देणारी बहुतेक वेळा बाईच असते, आणि तिच्याशी आपली माणसं आदबीने बोलतात, दारात उभी राहून ‘ताई’, ‘मावशी’ म्हणतात. चर्चगेटला जमतं ते जुन्नरला का जमू नये?

माझं उत्तर असं. चर्चगेटला ती बाई गिऱ्हाईक आहे. ती म्हणाली बंद, तर महिन्याचे पैसे बंद. आपल्या हॉटेलात ती गिऱ्हाइकाबरोबर आलेली ‘फॅमिली’ आहे. निर्णय तिच्या नवऱ्याचा, पाकीट त्याचं, पुन्हा यायचं की नाही तेही तोच ठरवणार, आणि त्याला खाली बसून चांगली मिसळ मिळते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा थांबा आठवा. कुठे थांबायचं हे प्रवासी ठरवत नाहीत, आणि ठरवणाऱ्यांचं जेवण तिथं बहुधा फुकट असतं. तिथलं जेवण आणि संडास कसे असतात, हे नाशिक-पुणे रस्त्यावरच्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडेही असंच होतं. सॉफ्टवेअर विकत घेतो साहेब, वापरतो कारकून. साहेबाला दिसणारा पडदा सुंदर असतो.

कायद्याचं विचारत होतात काहीजण, ते पटकन सांगते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलावर अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक हवा. हॉटेलवाला जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत असेल तर त्याला आपल्याकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये, हे केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. आपल्याकडे सर्व्हिस चार्ज कुणी लावत नाही, सर्व्हिसच नसते. पण ‘आईला जिना चढायला लावला’ हे यातल्या कुठल्या रकान्यात लिहायचं? मी हेल्पलाइनचा नंबर फिरवला नाही. ज्याच्याशी रोज गाठ आहे त्याच्याशी आधी बोलून पाहावं, असं मला वाटलं. हे सगळीकडे चालेल असा माझा दावा नाही. बाकड्यावरच्या त्या म्हाताऱ्याच्या बाबतीत तर नाहीच. ती गोष्ट मालकांपुढे काढली तेव्हा ते पहिल्यांदाच तुटक बोलले. म्हणाले, “तो स्वतःच बसतो बाहेर.” मी म्हटलं, माझी आईही तीस वर्षं स्वतःच बसत होती.

त्यांच्याशी मी हिशेब मांडला तो असा. खाली दुपारी बारा ते चार अर्धी टेबलं रिकामी. स्टँडवर त्याच वेळात एकट्यादुकट्या बायका, ज्या बावीस पायऱ्या बघून टपरीवर जातात. वरचा मुलगा खाली आणला तर चहा लवकर जाईल, वर फक्त मागेल त्याला आणि रविवारी. त्यांनी वहीत आकडे लिहिले, मान डोलावली नाही, नाहीही म्हटलं नाही.

मेळाव्याच्या तयारीसाठी जानेवारीत आम्ही अकराजणी जमलो होतो. सभा संपल्यावर सगळ्या तिथं गेलो आणि खाली बसलो. गल्ल्यावरच्या मुलाने तोंड उघडलं आणि मालकांकडे बघून मिटलं. दोन टेबलांवरचे पुरुष थोडा वेळ कपात बघत राहिले, मग त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आमच्यातल्या दोघी गावातच राहतात, वीस वर्षं रोज त्या दारावरून जातात. त्यांना त्या हॉटेलचा खालचा चहा कसा लागतो हे पहिल्यांदाच कळलं. साखर जास्त असते.

आता जिन्यापाशी पाटी आहे: ‘वर बसण्याची सोय आहे.’ हाक बंद झालीय. बाहेरचं बाकडं आहे तिथंच आहे, पैसे आधी घेण्याचं काय झालं ते मला अजून दिसलेलं नाही. आंबोलीचा आपला मित्र म्हणालाय की ते तो स्वतः बघेल, तुझ्या टेस्टिंगची गरज नाही. रेटकार्डं अजून दोन आहेत. वरच्याला ते ‘एसी दर’ म्हणतात. एसी मी चालू पाहिलेला नाही, मालकांना पुन्हा विचारलंय.

जेवणं झाल्यावर पाचच्या सुमाराला आम्ही काहीजणी तिकडं चहाला निघणार आहोत. बाई, तुम्ही आम्हाला सात वर्षं शिकवलंत आणि मधल्या सुट्टीत कायम स्टाफरूममध्ये डब्यातला गार चहा प्यायलात. तुमच्यासाठी दारातलं टेबल धरून ठेवायला सांगितलंय. जिना नाही.